नागपुरात नवे आहात? साथ पसरण्याआधी एवढं करून ठेवा

गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून शिकायला आलेली मुलं, मिहानमध्ये नाहीतर बुटीबोरीत कामाला लागलेली माणसं, बालाघाट-छिंदवाड्याहून आलेली कुटुंबं. नागपुरात खोली करून राहणारे असे खूप आहेत. साथ पसरली की जुन्या नागपूरकराला कुणाला फोन करायचा ते ठाऊक असतं. त्याचा ठरलेला डॉक्टर असतो, मनपाच्या दवाखान्यातली सिस्टर ओळखीची असते, शेजारच्या काकू दारात डबा ठेवतात. नव्या माणसाजवळ यातलं काहीच नसतं. करोनाच्या लाटांत अशा माणसांचा वेळ दुखणं अंगावर काढण्यात आणि चुकीच्या दारात उभं राहण्यात गेला. श्वसनाच्या आजारात तो वेळ फार महागात पडतो.

खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं काम एका सुटीच्या दिवशी उरकतं, आणि ते तब्येत चांगली असतानाच करायचं आहे. उदाहरणं करोनाची घेतली आहेत. पुढची साथ वेगळी असेल, तिची लस आणि औषधं वेगळी असतील. कार्यालयं, दवाखाने आणि हद्दी मात्र बहुतेक याच असतील.

पहिलं काम: आपली खोली कुणाच्या हद्दीत आहे ते शोधा

हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नागपूर महानगरपालिकेचे १० झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. मनपाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला असलं तरी साथीच्या काळात तुमचा संबंध येतो तो झोन कार्यालयाशी. वस्तीत पथक पाठवणं, प्रतिबंधित क्षेत्राला कठडे लावणं, फवारणी, मृत्यूची नोंद ही कामं झोनवरून हलतात. घरमालकाकडे मालमत्ता कराचं बिल मागा, त्यावर झोन दिलेला असतो. तो आणि प्रभाग क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. मदत मागताना "मी मनीषनगरात राहतो" एवढ्याने काम भागत नाही.

आता खरी गुंतागुंत. बोलताना आपण सगळ्यालाच नागपूर म्हणतो, पण वाडी, कामठी, हिंगणा, बेसा, बुटीबोरी हे भाग मनपाच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत असते, आरोग्याचं काम जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि ग्रामीण रुग्णालयांतून चालतं, आणि आदेश जिल्हाधिकारी काढतात. शहरात तेच आदेश मनपा आयुक्त काढतात. दोन्ही आदेश एकाच दिवशी निघाले तरी दुकानांच्या वेळा वेगळ्या असू शकतात.

यात तिसरी हद्द आहे ती पोलीस आयुक्तालयाची. १५ ते २१ मार्च २०२१ या काळात नागपुरात कडक लॉकडाऊन लागला, तो शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. ही हद्द मनपाच्या हद्दीपेक्षा मोठी आहे, कामठीसुद्धा तिच्यात येते. "आमच्याकडे तर नगरपरिषद आहे, शहराचा नियम आम्हाला कुठला लागू?" असं म्हणत घराबाहेर पडणाऱ्याची गाडी अशा वेळी नाक्यावर अडते. खोली एका हद्दीत आणि नोकरी दुसऱ्या हद्दीत असेल तर दोन्हीकडचे आदेश पाहायची सवय लावा आणि कंपनीचं ओळखपत्र व कामाचं पत्र जवळ बाळगा.

आदेश वाचायची रीत

साथीत सर्वांत वेगाने पसरतो तो व्हॉट्सॲपवरचा आदेश. लॉकडाऊनचं जुनं पत्रक वर्षभराने नव्याने फिरवलं जातं आणि लोक किराणा भरायला धावतात. पत्रक हाती आलं की आधी तारीख पाहा, मग जावक क्रमांक, मग सही कोणत्या अधिकाऱ्याची आहे, आणि मग "कार्यक्षेत्र" किंवा "हद्दीत" हे शब्द कुठे येतात ते. त्यानंतर अंमल कधीपासून कधीपर्यंत. यातलं एकही नसेल तर ते पुढे पाठवू नका. मनपाचं संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरची अधिकृत खाती, जिल्हा माहिती कार्यालय, राज्य शासनाचं महासंवाद आणि आकाशवाणी नागपूरच्या बातम्या, एवढ्यात खरं-खोटं कळतं. रेडिओ जुनाट वाटेल, पण वीज गेलेली असताना आणि डेटा संपलेला असताना तोच चालतो.

आदेशातली भाषा पहिल्यांदा घाबरवते. वर "साथरोग अधिनियम १८९७" आणि "आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५" यांचा उल्लेख असतो. अधिकाऱ्याला हा आदेश काढायचा अधिकार कुठून मिळाला, एवढंच त्यातून सांगायचं असतं. जमावबंदीसाठी लोक अजून "१४४ लागली" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे, त्यामुळे नव्या आदेशात १६३ दिसलं तर तो आकडा चुकीचा समजू नका. खाली "यातून वगळलेले" असा परिच्छेद असतो, तो नक्की वाचा. दवाखान्यात जाणं, औषध आणणं, चाचणी आणि लसीकरण यांना साधारणपणे तिथे सूट दिलेली असते. ताप असताना केवळ पोलिसांच्या भीतीने कुणी खोलीत पडून राहू नये.

आकडे कसे पाहायचे

रोजच्या अहवालात नागपूर शहर, नागपूर ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरचे असे रुग्ण वेगळे दाखवले जात. हा तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. पूर्व विदर्भाचा, शिवाय मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमाभागाचा भार या शहरातल्या रुग्णालयांवर असतो. शहरातले रुग्ण कमी झाले म्हणजे खाटा रिकाम्या झाल्या असं इथे होत नाही.

एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. रविवारी चाचण्या कमी होतात, म्हणून त्यानंतरचा आकडा उतरलेला दिसतो. सात दिवसांची सरासरी घ्या आणि शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघाले ते पाहा. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले तेव्हा बाधितांचं प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा हेच दोन निकष धरले होते. पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी निर्बंधांच्या स्तरासाठी बाधित ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असाव्या लागत. पुढच्या साथीतही हे दोन आकडे मिळत असतील तर बाकीची गर्दी सोडून द्या.

दवाखाना आधी पाहून या

खरंच जाऊन पाहून या, नकाशावर बघून समाधान मानू नका. सुरुवात घराजवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. लसीकरण, साधी तपासणी आणि बऱ्याचदा चाचणी तिथेच होते. त्या वस्तीची आशाताई कोण ते विचारा आणि तिचा नंबर घ्या. साथीत दारोदार फिरणारी तीच असते. तिला तुमची खोली माहीत असेल तर तुमचं नाव यादीतून सुटत नाही.

मोठ्या आजारासाठी नागपूरकर दोन नावं घेतात, मेडिकल आणि मेयो. मेडिकल म्हणजे मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. मेयो म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगत बसू नका, "मेयो" एवढं पुरेसं आहे. बाळंतपणासाठी गांधीबागेतलं डागा रुग्णालय, आणि दक्षिणेकडे मिहानमध्ये एम्स. खासगी रुग्णालयं धंतोली-रामदासपेठेत दाटीने आहेत, पण तिथले रस्ते अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा सापडत नाही.

तुमच्या खोलीपासून यातलं कोणतं जवळ, आकस्मिक विभागाचं फाटक कोणत्या बाजूला, रात्री दोनला कोणत्या रस्त्याने जायचं, हे ठरवून ठेवा. मेट्रो आणि 'आपली बस' ही मनपाची शहर बससेवा लॉकडाऊनमध्ये बंद होती हे लक्षात असू द्या. रात्री-अपरात्री दार वाजवता येईल असा एक वाहनवाला शेजारी हवा. फोनमध्ये १०८ (रुग्णवाहिका), १०२ (गरोदर महिला व बाळासाठी), १०४ (आरोग्य सल्ला) आणि ११२ जतन करा. साथ जाहीर झाली की मनपा आपल्या नियंत्रण कक्षाचा नंबर देते, तो घेऊन भिंतीवर चिकटवा. आजारी माणसाच्या फोनला कुलूप असतं आणि खोलीतल्या दुसऱ्याला तो उघडता येत नाही.

खोलीत ठेवायचं सामान फार नाही: डिजिटल थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, मास्क, आठवड्याचा कोरडा शिधा आणि रोज घ्यायच्या गोळ्यांचा महिनाभराचा साठा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी शेवटच्या गोष्टीत हयगय करू नये.

ताप आला: तो कशाचा, याचा अंदाज

साथीच्या दिवसांत प्रत्येक ताप त्याच साथीचा वाटतो. नागपुरात हा समज विशेष घातक आहे, कारण इथे ऋतूप्रमाणे तापाची कारणं बदलतात.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलंच असतं, म्हणून सावलीत अर्धा तास बसून, पाणी पिऊन मग ताप मोजा. अंग भट्टीसारखं तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा ग्लानीत जातोय, अशी स्थिती असेल तर तो उष्माघात धरा. त्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, काखेत-मानेवर गार ओल्या पट्ट्या ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू असतो. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच शहरात डेंग्यूचे रुग्ण वाढले होते. डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे आणि अंग मोडून येणं, अंगावर पुरळ ही त्याची लक्षणं. ताप उतरल्यावर धोका टळला असं समजू नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही चिन्हं बहुधा ताप उतरायच्या सुमारासच दिसतात, आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा औषधाच्या दुकानदाराने दिलेली कुठलीही "अंगदुखीची गोळी" घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेतातून किंवा झाडीतून येणाऱ्यांनी स्क्रब टायफस हा बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा तापही ध्यानात ठेवावा. २०१८ मध्ये विदर्भात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याजवळ काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती आपणहून दाखवा. त्यावर स्वस्त आणि चांगलं औषध आहे, पण निदान वेळेत व्हायला हवं.

इथे कूलरबद्दल सांगायलाच हवं. बाहेरून नागपुरात आलेला माणूस पहिल्या उन्हाळ्यातच कूलर घेतो आणि त्याच्या टाकीकडे पावसाळाभर पाहत नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, कडा घासा आणि कोरडी होऊ द्या. उन्हाळा संपला की टाकीत थेंबभरही पाणी ठेवू नका.

श्वसनाच्या साथीत मात्र हाच कूलर कामाचा आहे. तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि आतली हवा जायला समोर वाट लागते. एसी बंद खोलीत तीच हवा फिरवत राहतो. फक्त ती वाट कुठे निघते ते पाहा. आजाऱ्याच्या खोलीचं दार दिवाणखान्यात उघडत असेल तर कूलरचा झोत सगळं तिकडेच लोटेल. दार लावून घ्या आणि बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा.

चाचणीच्या रांगेत

लक्षणं दिसली की लवकर जा आणि सकाळी जा. सोबत ओळखपत्र असू द्या, पण पत्ता मात्र सध्या राहता तो सांगा. नवे लोक आधारवरचा गावचा पत्ता देऊन मोकळे होतात. मग चौकशी गावाकडे होते, नागपुरातल्या तुमच्या खोलीवर कुणी येत नाही आणि शेजारच्यांनाही वेळेत कळत नाही. मोबाइल नंबरही स्वतःचाच द्या, मेसवाल्या दादांचा किंवा मित्राचा देऊ नका.

करोनाच्या अनुभवातून उरलेला एक धडा असा: झटपट होणारी अँटिजन चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती मानायची. निगेटिव्ह आली आणि लक्षणं असतील तर आरटी-पीसीआर करायची. निकाल येईपर्यंत स्वतःला बाधित समजूनच राहायचं. चाचणीला घाबरणाऱ्यांसाठी एक अभिमानाची गोष्ट सांगतो. नाकात काडी न घालता, मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना द्यायची पद्धत याच शहरातल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केली आणि मे २०२१ मध्ये तिला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मान्यता मिळाली. पुढच्या साथीत अशी सोय मिळते का, ते केंद्रावर विचारायला हरकत नाही.

एकाच खोलीत तिघे राहत असाल तर

गृह विलगीकरणाच्या सूचना वेगळी खोली आणि वेगळं संडास-बाथरूम गृहीत धरतात. नंदनवन किंवा गोपालनगरात तिघांत एक खोली असलेल्या मुलांना ते कुठून मिळणार? अशा वेळी संस्थात्मक विलगीकरण, म्हणजे प्रशासनाच्या केंद्रात राहायची सोय, मागून घ्या. २०२० मध्ये सिव्हिल लाइन्सचं आमदार निवास यासाठी वापरलं होतं. तिथे जायची लाज वाटून घेऊ नका. खोलीतच राहावं लागलं तर आजाऱ्याची खाट खिडकीजवळ ठेवा, सगळ्यांनी मास्क लावा, जेवण वेगवेगळ्या वेळी करा. सामायिक बाथरूम आजाऱ्याने शेवटी वापरावं आणि नंतर खिडकी उघडी ठेवावी.

घरमालकाला सांगायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येकाला छळतो. माझं मत स्पष्ट आहे: सांगा, आणि चाचणीचा निकाल येताच सांगा. काही जण खोली सोडायला लावतील अशी भीती खरी आहे. तसं झालं तर झोन कार्यालयाला आणि पोलिसांना कळवा. पण लपवलं तर डबा, पाणी, औषध यांची सोय करणारं कुणी उरत नाही. "किती दिवस झाले ताप येऊन राहिला? सांगायचं ना बाबा मला," असं रागावून वरणभात पाठवणाऱ्या काकू या शहरात मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

एकटेपणाने जीव घाबरा होत असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं.

केव्हा निघायचं

दिवसातून तीन-चारदा ताप आणि ऑक्सिजन मोजून वहीत लिहा. ऑक्सिमीटर लावताना बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार नकोत, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. बसल्या जागी ९४ च्या खाली आकडा राहिला तर डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा. आकडा चांगला असला तरी सहा मिनिटं घरातच साध्या चालीने चाला. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं पुरे, आणि बसल्या बसल्या धाप लागणाऱ्याने चालूच नये. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ अंकांनी उतरला तर निघायची वेळ झाली. श्वास घेताना त्रास, छातीत दाब, ओठ निळसर, माणूस गोंधळलेला, यातलं काहीही दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत पालथं झोपवल्याने श्वास सुधारू शकतो. गरोदर महिलेला मात्र पालथं झोपवायचं नाही.

स्टेरॉइड कुणाच्या सांगण्यावरून, जुन्या चिठ्ठीवरून सुरू करू नका. २०२१ मध्ये नागपुरात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) कितीतरी रुग्ण आले. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची मोठी कारणं होती, आणि कित्येकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला. रेमडेसिवीर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी लोकांनी तेव्हा दागिने मोडले. मृत्यू टळतो असं ठाम सिद्ध झालेलं ते औषध नव्हतंच. डॉक्टर "गरज नाही" म्हणाले तर ऐका.

पैसे आणि कागद

खासगी रुग्णालयात दाखल करताना दोन प्रश्न विचारा: सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे रुग्णालय आहे का, आणि असेल तर आरोग्यमित्र (योजनेचं काम पाहणारे कर्मचारी) कुठे बसतात. साथीत सरकार दरही बांधून देऊ शकतं. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा नियंत्रित दरांत आणल्या. दिवसाला साध्या विलगीकरण वॉर्डसाठी ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षतेसाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे कमाल दर होते. असा आदेश असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा, तपशीलवार बिल मागा, जास्त वाटलं तर भरण्याआधी मनपाच्या लेखापरीक्षकाकडे तक्रार करा. करोनात असे लेखापरीक्षक नेमले होते आणि लोकांचे पैसे परतही मिळाले.

चाचणीचा अहवाल, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं यांचे फोटो काढून गावाकडच्या एका माणसाला पाठवत राहा. कुणी दगावलं तर मृत्यूची नोंद २१ दिवसांत झोन कार्यालयात होते ना, आणि प्रमाणपत्रावर नाव, वय, पत्ता बरोबर आहे ना ते पाहा. करोनात वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य मिळालं. बाधित आढळल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू त्यासाठी ग्राह्य धरला होता, आणि ते सिद्ध करायला चाचणीचा तो कागदच उपयोगी पडला.